एक लॅपटॉप, तीन कामे: सामायिक खर्चाच्या वाटणीचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण आर्थिक वर्ष २०२४-२५ चे आहे. अशिलाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा थोड्या सरळ केल्या आहेत. निर्णय मात्र जसे घेतले गेले तसेच मांडले आहेत. आमच्या सदाशिव पेठेतल्या कार्यालयात या अशिलांना सगळे 'ताई' म्हणतात, म्हणून इथेही त्यांचा उल्लेख तसाच करतो.

ताई कोथरूडला दोन बेडरूमच्या भाड्याच्या सदनिकेत राहतात. यजमान नोकरी करतात, मुलगी शाळेत आहे. इंटीरियर डिझाइनची पदविका घेतल्यावर त्यांनी काही वर्षे एका कार्यालयात नोकरी केली आणि मुलीच्या जन्मानंतर ती सोडून घरून काम सुरू केले. आता त्यांची कामे तीन आहेत. पहिले काम बाणेर आणि वाकड भागातील नव्या सदनिकांची अंतर्गत सजावट, काही थेट घरमालकांसाठी आणि काही वास्तुविशारदांच्या कार्यालयांसाठी. दुसरे, इंग्रजीतून मराठीत अनुवाद: अप्पा बळवंत चौकातील दोन प्रकाशक आणि एक भाषांतर संस्था यांच्याकडून हे काम येते. तिसरे, शहरातील एका डिझाइन महाविद्यालयात अभ्यागत व्याख्याता म्हणून तासिका तत्त्वावर शिकवणे.

२०२४-२५ मध्ये सजावटीतून ६,४०,००० रुपये, अनुवादातून ३,८५,००० रुपये आणि व्याख्यानांतून १,७५,००० रुपये जमा झाले, एकूण १२,००,०००. या रकमांवर मिळून ८५,७५० रुपये टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून सरकारकडे भरलेला कर) कापला गेला होता. बहुतेकांनी तो व्यावसायिक शुल्कासाठीच्या कलम १९४जे खाली १० टक्क्यांनी कापला होता. भाषांतर संस्थेने मात्र ताईंना कंत्राटदार समजून १९४सी खाली १ टक्क्यानेच कापला. घरमालकांनी अर्थातच काहीच कापला नव्हता.

अडचण कुठे होती

ताई सप्टेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात, गौरी-गणपतीच्या धावपळीतून वेळ काढून आल्या. विवरणपत्राची मुदत त्या वर्षी ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरपर्यंत वाढवली होती, त्यामुळे हातात दहाएक दिवस होते. त्यांच्याकडे तीन स्वतंत्र एक्सेल तक्ते होते, प्रत्येक कामाचा एक. तक्ते इतके नीटनेटके होते की प्रथमदर्शनी मला फारसे काम उरले नाही असेच वाटले.

तक्ते शेजारी शेजारी ठेवल्यावर मात्र दिसले की जून २०२४ मध्ये घेतलेला ९२,००० रुपयांचा लॅपटॉप तिन्ही तक्त्यांत पूर्ण किमतीने धरला होता. घरच्या इंटरनेटचे वर्षाचे १४,१६० रुपये आणि मोबाइलचे ४,८०० रुपयेही तिन्हीकडे पूर्णच होते. म्हणजे एका लॅपटॉपचे २,७६,००० रुपये झाले होते आणि एका इंटरनेटचे ४२,४८०. या तीनच बाबी आणि प्रत्येक कामाचा थेट खर्च धरला तरी एकूण खर्च ५,३४,८८० रुपये होत होता आणि उत्पन्न ६,६५,१२० वर येत होते. त्या वर्षी नव्या करप्रणालीत ७ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कलम ८७ए ची सूट मिळून कर शून्य होत असे. तक्ते तसेच्या तसे विवरणपत्रात उतरवले असते तर सगळा टीडीएस परत मिळाला असता.

यात ताईंचा खोटेपणा अजिबात नव्हता. प्रत्येक कामाचा दर ठरवताना 'हे एकच काम केले असते तरी लॅपटॉप आणि इंटरनेट लागलेच असते' असा विचार करून त्यांनी ते आकडे घातले होते, आणि दर ठरवण्यासाठी तो विचार चुकीचाही नाही. पण प्राप्तिकराच्या हिशेबात करदाती एकच आहे, पॅन एकच आहे, आणि खर्चही एकदाच झालेला आहे. व्यवसाय कराचे उदाहरण दिले तेव्हा त्यांना ते लगेच पटले: महाराष्ट्राचा वर्षाचा २,५०० रुपये व्यवसाय कर त्यांनी तीन कामे असूनही एकदाच भरला होता.

दुसरी अडचण आदल्या वर्षापासून चालत आलेली होती. २०२३-२४ चे विवरणपत्र एका परिचिताच्या सल्ल्याने आयटीआर-४ या सोप्या नमुन्यात भरले होते आणि त्यात तिन्ही कामांची जमा एकत्र करून, प्रत्यक्ष खर्च न मोजता, कलम ४४एडीए खाली निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवली होती. यंदाही तसेच करावे, म्हणजे खर्चाच्या वाटणीची भानगडच नको, अशी ताईंची इच्छा होती.

कायद्याची चौकट

प्रकरण प्राप्तिकर अधिनियम, १९६१ खालचे आहे. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा अधिनियम लागू झाल्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले आहेत, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

तीन तरतुदी इथे महत्त्वाच्या होत्या. कलम ३७(१) नुसार व्यवसायासाठी पूर्णतः आणि केवळ व्यवसायासाठीच केलेला, भांडवली किंवा वैयक्तिक नसलेला खर्च वजा होतो. कलम ३८ सांगते की घराचा काही भाग किंवा एखादी वस्तू व्यवसाय आणि घर या दोन्हींसाठी वापरली जात असेल, तर वाजवी प्रमाणातलाच भाग वजा करता येतो. आणि कलम ४४एडीए हे अनुमानित उत्पन्नाचे कलम ठराविक व्यवसायांनाच मिळते: विधी, वैद्यकीय, अभियांत्रिकी, वास्तुरचना, लेखापाल, तांत्रिक सल्ला, अंतर्गत सजावट आणि अधिसूचित केलेले आणखी काही. यादीत अंतर्गत सजावट आहे, पण अनुवाद नाही आणि अध्यापनही नाही. ज्याने ४४एडीए स्वीकारले त्याच्या बाबतीत कलम ३० ते ३८ मधल्या सर्व वजावटी आधीच दिल्या आहेत असे मानले जाते, घसाऱ्यासह (म्हणजे वस्तूच्या झिजेपोटी दरवर्षी मिळणाऱ्या वजावटीसह).

या शेवटच्या वाक्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, आणि या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे. एक काम अनुमानित पद्धतीत आणि दुसरे प्रत्यक्ष खर्चाच्या पद्धतीत असेल, तर सामायिक खर्चाचा जो हिस्सा पहिल्या कामाचा आहे तो ५० टक्क्यांत जिरून गेलेला असतो. तो दुसऱ्या कामावर टाकता येत नाही.

एक गैरसमजही जाता जाता दूर करावा लागला. नव्या करप्रणालीत वजावटी नाहीत, म्हणून व्यवसायाचा खर्चही मिळत नाही, असे ताईंना कोणीतरी सांगितले होते. व्यवसायाचे उत्पन्न काढताना होणारा खर्च नव्या प्रणालीतही वजा होतोच. जुन्या प्रणालीत, पीपीएफचे ५०,००० रुपये धरूनही, त्यांचा कर ६०,००० रुपयांच्या घरात जात होता, त्यामुळे नवी प्रणालीच ठेवली.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय ताईंच्या मनातला: सगळी जमा ४४एडीए मध्ये. उत्पन्न ६,००,०००, कर शून्य, परतावा ८५,७५०. हा पर्याय मी नाकारला, कारण अनुवाद आणि अध्यापन यादीत नाहीत. टीडीएस १९४जे खाली कापला म्हणजे काम यादीतले ठरते, हा समज फार पसरलेला आहे. पण कापणाऱ्याने कोणते कलम लावले यावरून ज्याचा टीडीएस कापला त्याच्या व्यवसायाचे स्वरूप ठरत नाही. भाषांतर संस्थेने १९४सी लावले म्हणून ताई कंत्राटदार झाल्या नाहीत, तसेच हे.

याच ओघात अनुवादासाठी कलम ४४एडी लावून ६ टक्के उत्पन्न दाखवावे, अशीही एक सूचना त्यांच्या मैत्रिणीकडून आली होती. ते कलम व्यापार-धंद्यासाठी आहे, आणि त्याचे पोटकलम (६) यादीतला व्यवसाय करणाऱ्या व्यक्तीलाच वगळते. ताई अंतर्गत सजावट करतात, त्यामुळे त्यांच्यासाठी ते दार मुळातच बंद होते.

दुसरा पर्याय, तिन्ही कामांचा प्रत्यक्ष खर्च धरून हिशेब. यात सजावटीचा हिस्साही पूर्ण वजा होतो, पण सजावटीचा खरा नफा जमेच्या सुमारे ७२ टक्के निघत असल्याने उत्पन्न वाढते: ९,२०,०७४ रुपये, आणि कर उपकरासह सुमारे ४३,६९०.

तिसरा पर्याय मिश्र: सजावट ४४एडीए मध्ये, अनुवाद आणि व्याख्याने प्रत्यक्ष खर्चावर. उत्पन्न ७,७८,७१२ रुपये, कर सुमारे २८,९९०. हा पर्याय घेतल्यास आयटीआर-४ चालत नाही, आयटीआर-३ हा सविस्तर नमुना भरावा लागतो. अनुवाद आणि व्याख्यानांचे मिळून उत्पन्न अडीच लाखांच्या वर असल्याने त्या भागाची हिशेबवहीही ठेवावी लागते.

खर्चाची वाटणी कशी केली

वाटणी तीन पायऱ्यांनी केली आणि क्रम मुद्दाम पाळला. आधी घर आणि काम यांची फारकत, मग तीन कामांत विभागणी, आणि सर्वांत शेवटी कोणता हिस्सा अनुमानित पद्धतीत जिरतो ते पाहणे. क्रम उलटला की माणूस नकळत आकडे फायद्याच्या दिशेने ढकलू लागतो.

लॅपटॉप ही भांडवली वस्तू, म्हणून ९२,००० रुपये एकरकमी खर्च होत नाहीत. संगणकावर ४० टक्के दराने घसारा मिळतो. जूनमध्ये घेतल्याने तो वर्षात १८० दिवसांहून जास्त वापरात होता, त्यामुळे पूर्ण दराने ३६,८०० रुपये झाले. संध्याकाळी मुलगी त्यावर अभ्यास करते. किती, असे विचारल्यावर ताई जरा थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, दहा टक्के धरा, खोटं कशाला बोलू." म्हणून ९० टक्के, म्हणजे ३३,१२० रुपये धरले. इंटरनेटचे ६० टक्के म्हणजे ८,४९६, मोबाइलचे ७० टक्के म्हणजे ३,३६०. कामाची खोली १०८ चौरस फूट आणि सदनिकेचे चटई क्षेत्र ७२०, म्हणून महावितरणच्या ३१,००० रुपयांच्या बिलांतील १५ टक्के, ४,६५० रुपये. कार्यालयीन सॉफ्टवेअर आणि साठवणीचे ७,२००, हिशेबनिसाचे १२,००० आणि व्यवसाय कराचे २,५०० पूर्ण. ही बेरीज ७१,३२६ रुपये. स्कूटरची दुरुस्ती, विमा आणि घसारा मिळून ११,००० रुपये, त्यातला कामाचा वाटा ६० टक्के, ६,६००. सगळे मिळून ७७,९२६ रुपये. तिन्ही तक्त्यांत आधी धरलेल्या सामायिक खर्चाचा हा चौथा हिस्सासुद्धा नव्हता.

पुढचा प्रश्न हे ७१,३२६ रुपये तीन कामांत कोणत्या मापाने वाटायचे हा होता. जमेच्या प्रमाणात वाटणे सोपे असते आणि बरेच जण तसेच करतात. त्या मापाने सजावटीकडे सुमारे ५३ टक्के जात होते. पण सजावटीचा एक तास आणि अनुवादाचा एक तास यांचे मोल वेगळे आहे. लॅपटॉप आणि इंटरनेट मात्र दोन्हींकडे तासानेच झिजतात. म्हणून तासांचे माप निवडले.

तासांची नोंद ताईंनी करासाठी ठेवलेली नव्हती, पण ती इतरत्र सांडलेली होती आणि गोळा करता आली. वास्तुविशारदांना त्या तासावर बिल देत असल्याने सजावटीचे तास त्या बिलांतच होते. घरमालकांच्या कामाचे तास फोनमधल्या दिनदर्शिकेतून मिळाले. महाविद्यालयाच्या मानधन पत्रकावर प्रत्येक तासिकेची तारीख होती, आणि एका तासिकेमागे तयारीचा किती वेळ लागतो ते ताईंनी जुन्या टिपणांवरून सांगितले. अनुवादाचे बिल शब्दसंख्येवर असते. त्यांचा दिवसाचा वेग आणि फायलींच्या तारखा जुळवून तास काढले. वर्षाचे सुमारे १,८०० तास झाले: सजावट ८२८, अनुवाद ६८४, व्याख्याने २८८. म्हणजे ४६, ३८ आणि १६ टक्के. त्यानुसार सजावटीकडे ३२,८१०, अनुवादाकडे २७,१०४ आणि व्याख्यानांकडे ११,४१२ रुपये गेले.

स्कूटरला तासांचे माप लागू पडत नाही. अनुवाद घरी बसून होतो, त्याला स्कूटर लागत नाही. तिथे किलोमीटर मोजले: महाविद्यालयाचे अंतर गुणिले तासिकांचे दिवस, आणि साइटच्या भेटी दिनदर्शिकेवरून. सजावटीकडे ५८ टक्के आणि व्याख्यानांकडे ४२ टक्के आले.

प्रत्येक कामाचा थेट खर्च तक्त्यांत बरोबर होता, त्यामुळे तो पटकन उरकला: सजावटीचे १,४२,०००, अनुवादाचे ४०,०००, व्याख्यानांचे २०,०००. आराखडे काढून देणाऱ्या मुलाला आणि मुद्रितशोधक बाईंना ताईंनी यूपीआयनेच पैसे दिले होते, म्हणून एका दिवसात एका व्यक्तीला १०,००० रुपयांहून जास्त रोखीचा खर्च नामंजूर होण्याचा धोकाही नव्हता.

अवघड गेलेले निर्णय

तासांचे माप निवडताना माझ्या मनात एक खटका होता. सजावटीकडे जाणारा हिस्सा ४४एडीए मध्ये जिरतो, म्हणजे सजावटीकडे जितके कमी जाईल तितका ताईंचा फायदा. तासांच्या मापाने सजावटीकडे जमेच्या मापापेक्षा ५,२३१ रुपये कमी जात होते. मग माप योग्य म्हणून निवडतो आहोत की सोयीचे म्हणून? म्हणून कराचा फरक काढून पाहिला. तो ५४४ रुपये निघाला. इतक्या रकमेसाठी कोणी माप बदलणार नाही, हे दोघांनाही दिसले, आणि निवड पुराव्यावर करणे सोपे झाले. तासांमागे बिले आणि मानधन पत्रके होती. कोणत्या आधारावर वाटणी केली आणि का, याचे एक पानी टिपण तारीख घालून फाइलला लावले, आणि पुढच्या वर्षी सबळ कारणाशिवाय माप बदलायचे नाही असे त्यात लिहिले.

व्याख्यानांवर जास्त चर्चा झाली. ताईंचे म्हणणे होते, "सर, मी तिथे इंटीरियरच शिकवते ना? मग ते सजावटीतच का नाही?" युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही, आणि तो मान्य करणारे सल्लागार मला माहीत आहेत. व्याख्याने ४४एडीए मध्ये घातली असती तर उत्पन्न १,४०,८१६ ऐवजी ८७,५०० दाखवता आले असते आणि सुमारे ५,५४५ रुपये कर वाचला असता. पण महाविद्यालय ताईंकडून सजावट करून घेत नाही, ते शिकवण्याचे पैसे देते. शल्यचिकित्सकाने वैद्यकीय महाविद्यालयात तास घेतले म्हणून ते मानधन शस्त्रक्रियेची फी होत नाही. मी नाही म्हणालो. ताईंना ते आवडले नाही, पण त्यांनी ऐकले.

ते मानधन पगार आहे का, हेही तपासले. नेमणूक पत्रात रजा, भविष्यनिर्वाह निधी किंवा ठराविक वेळेची हजेरी यांतले काही नव्हते आणि टीडीएसचे प्रमाणपत्र फॉर्म १६ए होते, पगारासाठीचा फॉर्म १६ नव्हे. पगार ठरला असता तर त्याविरुद्ध प्रवासखर्च किंवा लॅपटॉप काहीच वजा झाले नसते.

तिसरा निर्णय भाड्याचा. महिन्याचे भाडे २४,००० रुपये. खोलीच्या १५ टक्क्यांनी वर्षाचे ४३,२०० रुपये होतात आणि ते ताईंच्या तक्त्यांत होते. मात्र भाडेकरार यजमानांच्या नावावर, भाडे त्यांच्या खात्यातून जाते, आणि जुन्या प्रणालीत राहून त्यांनी कार्यालयात पूर्ण भाड्यावर घरभाडे भत्त्याची सूट घेतली आहे. हे ताईंनी आपणहून सांगितले नव्हते. भाडेकरार मागितला तेव्हा उलगडले. एकाच भाड्यावर नवऱ्याने सूट आणि बायकोने खर्च, असे दोनदा होऊ शकत नाही. शिवाय ताईंनी भाड्याचा एक रुपयाही भरलेला नव्हता. ती ओळ काढून टाकली. वीज मात्र ठेवली, कारण बिले त्या स्वतःच्या खात्यातून भरतात.

आणखी एका गोष्टीचा उल्लेख केला पाहिजे. सजावटीचा खरा नफा सुमारे ७२ टक्के असताना ५० टक्के दाखवणे हे कायद्याने दिलेल्या पर्यायात बसते. त्यासाठीच ती तरतूद २०१६ च्या वित्त अधिनियमाने आणली. पण कलमात '५० टक्के किंवा त्याहून जास्त मिळाल्याचे करदाता सांगत असल्यास ती रक्कम' असे शब्द आहेत, आणि बँक खात्यात काय साचते ते सर्वांना दिसते. ताईंना हे स्पष्ट सांगून त्यांचा निर्णय त्यांच्यावर सोपवला. त्यांनी मिश्र पर्याय निवडला.

प्रत्यक्ष कृती

आयटीआर-३ मुदतीच्या आत भरला आणि आधारच्या ओटीपीने पडताळला. त्यात सजावटीचे ३,२०,०००, अनुवादाचे ३,१७,८९६ आणि व्याख्यानांचे १,४०,८१६ रुपये असे स्वतंत्रपणे दाखवले. लॅपटॉपचे पुढच्या वर्षासाठीचे घसारा-पश्चात मूल्य ५८,८८० रुपये नेले. सजावटीच्या वाट्याचा घसारा प्रत्यक्ष वजा झालेला नसला तरी कायद्याने मिळालेला मानला जातो, म्हणून तो परत किमतीत मिळवला नाही. जीएसटीची गरज नव्हती, पण तिथेही तिन्ही सेवांची उलाढाल एकाच पॅनवर एकत्र मोजली जाते आणि मर्यादा २० लाखांची आहे, हे ताईंच्या वहीत मुद्दाम लिहून दिले.

आदल्या वर्षाचे काय, हा प्रश्न उरला. २०२३-२४ मध्ये एकूण जमा ९,१०,००० होती आणि ४,५५,००० उत्पन्न दाखवले होते. बरोबर पद्धतीने मांडल्यावर ते सुमारे ६,००,००० निघाले. सात लाखांच्या आत असल्याने कर दोन्हीकडे शून्यच. विवरणपत्र सुधारण्याची ३१ डिसेंबर २०२४ ची मुदत गेली होती, आणि अद्ययावत विवरणपत्र हा वाढीव कर भरण्याचा मार्ग असल्याने, वाढीव कर निघत नसताना तो इथे उपयोगाचा नव्हता. नव्याने केलेला हिशेब फाइलला लावून ठेवला. चुकीचे विवरणपत्र नोंदीत तसेच राहिले याची रुखरुख मला अजून आहे.

निष्पत्ती

कर २८,९९० रुपये झाला आणि ५६,७६० रुपये परतावा मिळाला. ताईंच्या मूळ अपेक्षेपेक्षा तो सुमारे २९,००० रुपयांनी कमी होता, आणि ती रक्कम मुलीच्या शिकवणीच्या शुल्कासाठी त्यांनी मनात राखून ठेवली होती. त्यांना ते जड गेले, हे मी पाहिले आहे. टीडीएसची रक्कम म्हणजे नक्की परत येणारे पैसे असे धरून चालण्याची सवय फ्रीलान्स काम करणाऱ्यांत फार आहे. ती मोडायची तर सप्टेंबरमध्ये उशीर झालेला असतो.

वेगळे काय करता आले असते

माझ्याकडून एक चूक झाली. पहिल्याच भेटीत मी तक्त्यांतील आकडे तपासत बसलो आणि भाडेकरार, वीजबिल, स्कूटरचे नोंदणी पुस्तक ही कागदपत्रे तिसऱ्या भेटीत मागितली. कोणता खर्च कोणाच्या नावावर आहे आणि कोणाच्या खात्यातून जातो, हे आधी विचारले असते तर भाड्याची बाब पहिल्या तासातच निकाली निघाली असती आणि ताईंच्या दोन चकरा वाचल्या असत्या.

तासांची नोंद वर्षअखेरीस जमवण्याऐवजी चालू वर्षात ठेवणे केव्हाही बरे. ताई आता एकच तक्ता ठेवतात: प्रत्येक सामायिक खर्च एकाच ओळीत, एकदाच, आणि पुढे घर, सजावट, अनुवाद, व्याख्याने असे चार रकाने. दरांसाठीचा त्यांचा जुना तक्ता त्यांनी वेगळा ठेवला आहे आणि त्याच्या माथ्यावर 'दरांसाठी, करासाठी नाही' असे लिहिले आहे.

पुढच्या वर्षाचा विचार करताना दोन गोष्टी उलट्या निघाल्या. भाडेकरार दोघांच्या नावे करून ताईंनी आपला १५ टक्के वाटा स्वतः भरावा, असे मीच आधी सुचवले होते. पण २०२५-२६ पासून नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य झाला आहे, त्यामुळे ताईंच्या बाजूने त्या ४३,२०० रुपयांची बचत शून्य. आणि यजमान ३० टक्क्यांच्या टप्प्यात असल्याने त्यांची तेवढी सूट गेली तर १३,००० रुपयांहून जास्त तोटा होऊ शकला असता. मी सूचना मागे घेतली. करार आहे तसाच राहिला.

दुसरी गोष्ट घराच्या कर्जाची. वारज्याच्या बाजूला स्वतःची सदनिका घ्यायची असे दोघांच्या मनात आहे आणि बँक ताईंची मागील वर्षांची विवरणपत्रे पाहणार आहे. कर शून्यच होणार असेल तर सजावटीचा नफा ५० टक्क्यांवर दाबून दाखवण्यात त्यांना काहीच मिळत नाही, उलट कर्जाची पात्रता घटते. म्हणून २०२५-२६ साठी आम्ही दुसरा पर्याय घ्यायचे ठरवले आहे: तिन्ही कामे प्रत्यक्ष खर्चावर, सजावटीच्या बिलांची आणि पावत्यांची नीट फाइल, आणि यंदा प्रथमच लॅपटॉपच्या घसाऱ्याचा सजावटीकडचा ४६ टक्के हिस्सासुद्धा हिशेबात.